तिला सगळे जॉईंटवाली म्हणत

खोकं फोडलं की ती वरच्या दोन टाईल्स उचलायची, चमकत्या बाजूनं एकमेकींवर दाबायची आणि दुकानाच्या दारात जाऊन मधल्या फटीतून उजेड बघायची. एक डोळा मिटलेला. मग वळून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणायची, "ह्याला पोट सुटलंय. दुसरं काढा."

टाईल मधोमध फुगलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नकळत श्वास आत ओढून घेतला होता. परभणीत एका टाईल्सच्या दुकानात मी काउंटर आणि गोडाऊन दोन्ही सांभाळायचो, आणि दिवसभर खुर्चीवर बसून माझंही पोट बऱ्यापैकी पुढं आलेलं होतं. तिनं ते हेरलं. "तुमचं न्हाई म्हणले भाऊ, टाईलचं म्हणले," असं म्हणून ती अशी हसली की गिऱ्हाईकंही हसली.

तुम्हीही कधी फरशी निवडायला गेला असाल. दिव्याखाली मांडलेल्या नमुन्यांवरून हात फिरवला असेल, रंगावरून घरात भांडणही केलं असेल. पण खोक्याच्या बाजूला छापलेला लॉटचा नंबर पाहिलात का? कुणीच पाहत नाही. ती मात्र एकेक खोकं फिरवून बघायची. चौथीपर्यंतच शिकलेली, पण आकडे पक्के. लॉट बदलला की छटा बदलते, म्हणून वेगळ्या नंबरचं एक खोकं जरी निघालं तरी बाजूला सारायची. "दोन लॉट एका हॉलात घातले की नवराबायको भांडून तोंडं फिरवून बसल्यावानी दिसतंय," असं तिचं म्हणणं होतं.

चाळिशीची असेल तेव्हा. ताडकळसकडच्या एका खेड्यातली, धनगराच्या घरची. सासरी मेंढरं-शेरडं. नवरा तरुणपणी परभणीत आला, एका राजस्थानी कारागिराच्या हाताखाली फरशी बसवायला शिकला आणि चांगला मिस्त्री झाला. ती त्याच्यासोबत कामावर जायची, सिमेंट-वाळूचा माल कालवायची, आणि फरशी बसली की फटींत पांढरं सिमेंट भरून फडक्यानं पुसून घ्यायची. त्या कामाला आमच्याकडं जॉईंट भरणं म्हणतात. म्हणून तिला सगळे जॉईंटवाली म्हणत. मी तिला आक्का म्हणायचो.

एकदा वसमत रोडकडच्या नव्या कॉलनीत त्यांचं काम चालू होतं आणि दोन खोकी कमी पडली. गाडी रिकामी नव्हती म्हणून मीच स्कूटरवर घेऊन गेलो. ओल्या फरशीवर ठसे नकोत म्हणून चपला खाली काढल्या आणि जिन्यानं वर गेलो. माझी चाहूल लागली नाही.

हॉलमध्ये मिस्त्री रंगाच्या पालथ्या बादलीवर बसला होता. हातात दस्ती, ती तोंडाला लावलेली. आणि आक्का गुडघ्यावर बसून फरशी लावत होती. थापीनं माल पसरायचा, टाईल अलगद टेकवायची, रबरी हातोड्याचे दोन ठोके, ताणलेल्या दोरीकडं एक नजर, की पुढची. हात असा चालत होता की बघत राहावं. मिस्त्री मधूनच म्हणायचा, "डावीकडं जराशी," आणि ती म्हणायची, "दिसायलंय मला."

तेवढ्यात खाली घरमालकाची मोटारसायकल थांबली. मिस्त्री बादलीवरून उठला, तिनं थापी त्याच्या हातात दिली आणि स्वतः फडकं घेऊन कोपऱ्यातल्या फटी पुसायला लागली. मालक जिना चढून येईपर्यंत सगळं जागच्या जागी होतं.

"मिस्त्री, हात लय साफ हाय तुमचा," मालक म्हणाला.

"तुमची मेहरबानी," मिस्त्री म्हणाला. आक्कानं मान वर केली नाही.

मला आधी गंमत वाटली. परत येताना अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, की इतकी सफाई एका दिवसात येत नाही. हे दोघं हे नाटक कितीतरी दिवस करत असणार.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. "भाऊ, काल तुमी काय बी बघितलं न्हाई."

"नाही बघितलं. पण असं का, आक्का?"

मग तिनं सांगितलं. मिस्त्रीनं वर्षानुवर्षं कोरडा कटर चालवला होता. तुम्ही फरशी कापताना पाहिली असेल. पांढऱ्या धुळीचा असा लोट उठतो की कापणारा माणूस दिसेनासा होतो. पात्यावर पाण्याची धार धरली तर धूळ उडत नाही. एवढंच करायचं असतं. पण पाण्यानं राडा होतो, भिंती खराब होतात, म्हणून मालक लोक नको म्हणतात. "डाक्टर म्हणला, छातीत धूळ बसलीया. आता वाकायचं काम बंद. पाच मिनिटं वाकलं की दम लागतुया त्येला."

"मग तूच मिस्त्री म्हणून काम का घेत नाहीस?"

"मागितलं की. तीन घरी मागितलं." तिनं बोटांवर मोजून दाखवलं. एकानं हसून विषय बदलला. एकानं जॉईंट भरायला ये म्हणून सांगितलं. आणि तिसऱ्या घरातली बाई म्हणाली, महिन्याच्या त्या दिवसांत तू आमच्या देवघराची फरशी लावणार का?

हे सांगताना तिचा आवाज चढला. गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "देवघर सारवती बाई. रांगोळी काढती बाई. निवदाची पोळी लाटती बाई. तितं इटाळ न्हाई, आन फरशीला इटाळ? फरशीला कळतंय व्हय, बाई कोन आन बाप्या कोन?"

तेव्हापासून बादलीवरचं ते नाटक मला ठाऊक होतं, आणि पुढं तीन वर्षं मी ते बाहेर कुठं बोललो नाही. त्याचा मला तेव्हा अभिमानसुद्धा वाटायचा. आज वाटत नाही.

त्यातल्या दुसऱ्या वर्षी आईनं आणि मी मिळून घर बांधायला काढलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी. फरशीचं काम अर्थातच या दोघांना दिलं. आईला सगळीकडं दुधासारखी पांढरी, चकचकीत फरशी हवी होती. न्हाणीतसुद्धा. आक्कानं वाद घातला नाही. नमुन्याची एक टाईल जमिनीवर ठेवली, साबणाचं पाणी तिच्यावर ओतलं आणि आईचा हात घट्ट धरून म्हणाली, "माय, आता ठेवा पाय."

आईनं पाय ठेवला, आणि आक्कानं धरलं नसतं तर आई तिथंच आडवी झाली असती. दोघी हसत सुटल्या. न्हाणीला खरखरीत, राखी रंगाची टाईल आली. ती लावण्याआधी भिंतीच्या टाईल्स तिनं हौदात भिजत घातल्या. मी घाई केली तर म्हणाली, "बुडबुडे येयालेत तवर हात लावू नका. तिची तहान भागू द्या, न्हाई तर मालातलं पानी पिऊन घेती आन मग भिंत सोडती."

मिस्त्रीला आईनं बादलीवर बसू दिलं नाही. खुर्ची दिली, शेजारी बसून चहा दिला. आमच्या घरी नाटकाची गरज नव्हती. अठरा दिवस आक्का उघडपणे फरशी लावत होती आणि गुणगुणत होती. पात्यावर पाणी धरायला मीच उभा राहायचो. एवढी खुश मी तिला परत कधी पाहिली नाही.

आणि मग मी काय केलं, ते सांगायला हवं.

वास्तुशांतीला आमच्याकडं मिस्त्री लोकांचा मान करतात. चारचौघांत बोलावून डोक्यावर टोपी ठेवायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा, हातात नारळ द्यायचा. सकाळीच आई म्हणाली, "फरशीचा मान तिचा. मी लुगडं आणून ठेवलंय. सगळ्यांसमोर बोलव."

मी म्हणालो, "आई, मामा आलेत, दुकानाचे शेठ येणारेत, लोक हसतील. आणि मिस्त्रीच्या मनाला किती लागेल, याचा विचार कर."

मिस्त्रीला लागेल! केवढा मी त्याचा कैवारी. खरं एवढंच होतं, की बाईला मिस्त्री म्हणून हाक मारायला माझी जीभ धजत नव्हती. मी माईकवरून मिस्त्रीचं नाव घेतलं. तो बिचारा गोंधळला, बायकोकडं बघितलं, आणि खोकत खोकत पुढं आला. मी टोपी घातली, टॉवेल टाकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. आत स्वयंपाकघरात आईनं आक्काला कुंकू लावलं आणि ते लुगडं गुपचूप तिच्या ओटीत घातलं. तिनं स्वतः बसवलेल्या फरशीवर उभी राहून ती भिंतीच्या आड मान घेत होती.

पंगतीत मी वाढत होतो. ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "भाऊ, बाकीच्यांचं मला काय वाटत न्हाई. त्येंना म्हाईतच न्हाई. तुमाला तर म्हाईत व्हतं."

एवढं बोलून ती पंगतीत बसली आणि पोटभर जेवली. रुसून गेली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी मिस्त्री गेला. दवाखान्याच्या कागदावर दमा लिहिलं होतं. दमा! तो ज्या घरांत राबला त्या घरांतले हॉल आजही आरशासारखे चमकतायत, आणि तो पन्नाशीही न गाठता श्वासासाठी तडफडून मेला. त्या धुळीचं नाव कुठल्याही कागदावर आलं नाही.

तेराव्यानंतर दोनच दिवसांनी आक्का दुकानात आली. काउंटरच्या काचेवर आम्ही मिस्त्रींच्या नावांचा कागद चिकटवलेला असायचा, गिऱ्हाईकाला द्यायला. अकरा नावं होती. तिनं आधी त्यातल्या नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. "ह्ये काढा." मग खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "आन हितं माजं लिवा."

शेठ गल्ल्यावरून हसले. "आक्का, गिऱ्हाईक म्हणेल, परभणीतले बाप्ये संपले का?"

"हसू द्या की. फरशी लावल्यावर न्हाई हसायचं त्ये."

पेन माझ्या हातात होतं. मी शेठकडं बघितलं, शेठनं नकारार्थी मान हलवली, आणि मी पेनाचं टोपण लावलं. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. नवऱ्याचं नाव मात्र मी खोडलं. म्हणजे त्या घरातून आमच्या दुकानाच्या लेखी कुणीच उरलं नाही.

तोंडी सांगायला कुणाची बंदी नव्हती, म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं नाव सांगायला लागलो. पाथरीचे एक निवृत्त गुरुजी घर बांधत होते. त्यांना सांगितलं तर एकदम खुश झाले. "अहो, मी आयुष्यभर मुलींना शिकवलं. बाईनं फरशी लावावी, यापेक्षा चांगलं काय?" मी आक्काला कळवलं. तिनं नवी दोरी आणली.

आठ दिवसांनी निरोप आला. गुरुजींच्या मेव्हण्यानं दुसरा मिस्त्री आणला आहे, तुम्ही जॉईंट भरायला या.

ती गेली. पोट होतं, जायलाच लागणार. आल्यावर तिनं मला सगळं सांगितलं. फटी भरता भरता ती बोटाच्या पेरानं टाईलवर वाजवत गेली, तर एकेक टाईल पोकळ बोलायला लागली. खाली सगळीकडं माल पसरण्याऐवजी त्या मिस्त्रीनं चार कोपऱ्यांत मालाचे चार गोळे टाकून वर टाईल दाबली होती. काम झपाट्यानं उरकतं, दिसायला सरळ दिसतं. उन्हात फरशी फुगते, म्हणून भिंतीकडेला फट ठेवायला हवी, तीही नव्हती. तिनं गुरुजींना गाठलं. "गुर्जी, खाली पोकळ हाय. उन्हाळ्यात उठंल ही फरशी."

तो मिस्त्री हसला. "जॉईंटवालीनं जॉईंट भरावेत."

आणि आयुष्यभर मुलींना शिकवलेले गुरुजी काय म्हणाले? "बाई, ज्यानं त्यानं आपापलं काम करावं."

"मग मी भरले जॉईंट," आक्का मला म्हणाली. "लय सुबक भरले. खाली सगळं पोकळ, आन वर माजे जॉईंट."

मे महिन्यात दुपारी गुरुजींच्या घरी फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. जेवत होते ते ताटावरून उठले. हॉलच्या मधोमध दोन रांगा टाईल्स एकमेकींना भिडून तंबूसारख्या वर उठल्या होत्या. संध्याकाळी गुरुजी आमच्या दुकानात. "माल खराब दिलात! ग्राहक मंचात जाईन!" शेठ घाबरले. मला म्हणाले, "उद्या पाथरीला जा. आणि ती आक्का असेल तर तिलाही ने, तिला कळतं."

म्हणजे शेठलाही माहीत होतं, कुणाला कळतं ते.

एसटीत मानवत येईपर्यंत ती पिशवी मांडीवर धरून बाहेर बघत होती. मग एवढंच म्हणाली, "म्या काय भांडायला जायले न्हाई. बघायला जायले."

गुरुजींच्या हॉलमध्ये मेव्हणा उभा होता, गुरुजी होते, स्वयंपाकघराच्या दारात गुरुजींची बायको. आधीच्या त्या मिस्त्रीचा फोन कालपासून बंद. आक्का वाकली, उठलेली एक टाईल काढली आणि पालथी करून गुरुजींच्या समोर धरली. टाईलच्या पाठीला चार कोपऱ्यांत पुरीएवढे चार डाग. बाकी पाठ कोरडी, कारखान्यातून आली तशी.

"माल खराब न्हाई गुर्जी. हात खराब हाय."

गुरुजींनी बराच वेळ ती टाईल बघितली. "मग आता काय करायचं?"

"सगळी काढून परत लावायची. मी लावती. पन आदी चार शेजाऱ्यांना बोलवा, आन त्येंच्यासमोर सांगा, ह्या कामाचा मिस्त्री कोन हाय त्ये."

"त्याची काय गरज आहे?" गुरुजी म्हणाले. "काम झाल्याशी मतलब."

"तुमाला गरज न्हाई. मला हाय." तिनं टाईल खाली ठेवली, पिशवी उचलली आणि चालायला लागली. खरंच चालायला लागली. अंगण ओलांडून फाटकाशी पोचली.

मेव्हणा म्हणाला, "जाऊ द्या, दुसरा बघू. दुकानवाले देतील की एखादा."

"आमच्या दुकानातून दुसरा मिळणार नाही," मी म्हणालो. मला तसं म्हणायचा काडीचा अधिकार नव्हता. शेठला कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण एकदा बोलल्यावर थांबवेना. "दहा नावं आहेत आमच्याकडं. त्यातला एकही या बाईच्या जवळपास नाही. माझ्या घरची फरशी हिनं लावली आहे आणि मी चारचौघांत मान दुसऱ्याला दिला. तुम्ही तरी तसं करू नका."

मग गुरुजींची बायको दारातून पुढं आली, तरातरा अंगणात गेली. "थांबा बाई. माझ्या घराच्या मिस्त्री तुम्ही." आणि नुसतं म्हणून थांबली नाही, फाटकाबाहेर जाऊन तिनं दोन्हीकडच्या शेजारणींना हाका मारल्या, त्यांच्यासमोर तेच पुन्हा मोठ्यानं म्हणाली. गुरुजी आत जाऊन वर्तमानपत्र घेऊन बसले. पण त्याच्याकडं ते कोऱ्या पानाकडं बघावं तसं बघत होते.

नऊ दिवसांत ती फरशी नव्यानं बसली. मी परत आल्याच्या दिवशीच काचेवरच्या कागदावर तिचं नाव लिहिलं. कुणाला विचारलं नाही. शेठनं ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. ग्राहक मंचाचं संकट टळलं होतं, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. न्याय वगैरे त्यांच्या मनात आला असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर चार वर्षं तिनं स्वतःच्या नावानं कामं केली. फार नव्हे, वर्षाला पाच-सहा घरं. काम संपल्यावरही ती त्या घरांवर नजर ठेवून असायची. जाता-येता बिनधास्त आत शिरायची आणि फरशीवर ॲसिडचा डाग दिसला की त्या घरच्या बाईची खरडपट्टी काढायची. "साधं पानी आन फडकं बास हाय म्हणलं व्हतं ना? फरशी धुवायलीस का जाळायलीस? जॉईंट खाऊन टाकले की आशिडानं!" मोठमोठ्या घरच्या बायका तिला पाहून ॲसिडची बाटली लपवायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग तिचाच श्वास लागायला लागला. स्वतः काम घ्यायला लागल्यापासून ती पाण्याशिवाय कटर लावत नव्हती, नाकाला ओलं फडकं बांधत होती. पण त्याआधीची पंधरा वर्षं ती नवऱ्याच्या शेजारी त्याच धुळीत बसलेली होती. मला म्हणाली, "मिस्त्रीनं सगळं शिकवलं. त्यात खोकला बी आला." ती हसली. मला हसू आलं नाही, संताप आला, आणि तो नेमका कुणावर काढावा ते आजही कळत नाही. पाण्याचा एक डबा आणि तो धरायला एक माणूस, एवढ्यावर भागणारं होतं ते. 'राडा नको' म्हणणारे आम्हीच.

शेवटी ती गावी दिराकडं गेली. ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी मी तिला भेटायला गेलो, आईनं लोणचं दिलं होतं. ती दारात खाटेवर उशाला टेकून बसली होती. वाळली होती, पण आवाज गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आला. गल्लीत सिमेंटचे ठोकळे, म्हणजे गट्टू, बसवायचं काम चालू होतं आणि ती खाटेवरून ओरडत होती.

"आरं उलटा ढाळ घ्यायलाव तुमी! गल्लीचं पानी माज्या दारात आणायलास का रं?" मध्येच खोकला. पुन्हा, "दोरी बघ! दोरी बघ आदी!"

कामावरचा माणूस हसत होता. "म्हातारे, गप पड. पंचायतीचं काम हाय."

दीर माझ्याकडं वळून म्हणाला, "मनावर घेऊ नका साहेब, ती अशीच बडबडती."

मी त्या माणसाजवळ गेलो. म्हणालो, "त्या मिस्त्री आहेत. परभणीत त्यांच्या हातची फरशी आहे घराघरांत. एकदा पाणी ओतून बघा." तो म्हणाला, "आसतील," आणि पुढचा गट्टू ठेवला.

आक्कानं मला हातानं बोलावलं. "बसा भाऊ. तुमी सांगितलं, मी सांगितलं. आता काय डोक्यात घालायचं का त्येच्या?" मग तिनं आईची चौकशी केली, लोणच्याची फोड तिथंच चाखली, मीठ कमी आहे म्हणाली. मी निघालो तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत यायला उठली आणि दोन पावलांवर थांबून धापा टाकत राहिली.

आषाढात दिराचा फोन आला, आक्का गेली. मी पोचलो तेव्हा पहाटेचा पाऊस उघडला होता. गल्ली नवी, लालपिवळ्या गट्टूंची, धुऊन निघालेली. आणि सगळ्या गल्लीचं पाणी तिच्या दारासमोर येऊन थांबलं होतं. लोक धोतरं-पँटी वर धरून, चपला हातात घेऊन आत जात होते. "हितंच कसं काय साचलं पानी?" एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ वैतागून विचारत होते. मी म्हणालो, "आत जी झोपलीय ना, ती खाटेवरून हेच सांगत होती. तुम्ही लोक हसत होता."

दीर कुठूनतरी चार विटा घेऊन आला आणि पाण्यात टाकायला लागला. पण विटा कमी पडल्या.

तिला बाहेर काढलं तेव्हा खांदा देणाऱ्या चौघांचे पाय घोट्याच्या वरपर्यंत त्या पाण्यात होते. पुढच्या उजव्या खांद्याला मी होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "जरा जपून, खाली दिसायलं न्हाई."